पाहुण्याला पाणी

१

रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्याकडे सहल निघायची, घरातल्या घरात. मी ताटं उचलायचे, दीर फरशी पुसायचा, आणि ती वाळायच्या आतच नवरा तिच्यावर राजस्थानचा नकाशा पसरायचा. दम म्हणून नव्हता त्याला.

नवऱ्याचं नाव शिवदास. तोंडाने मी ते कधी घेतलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. इथे घेते, आणि अरेतुरेही करते. आता हरकत घ्यायला कोणी नाही.

आम्ही मालवणकडचे. आमच्या घरात लांबचा प्रवास म्हणजे गाव, आणि त्याहून लांबचा म्हणजे गावाहून परत. पण शिवदासला कचेरीतून एलटीसी, म्हणजे प्रवासभाड्याची सवलत, मिळाली आणि त्याच्या डोक्यात वाळवंट शिरलं. जैसलमेरच्या पुढे, जीपगाडी जिथे थांबते त्याच्याही पुढे, एक उजाड वस्ती आहे म्हणे. नकाशात तिचं नाव नव्हतं. त्याने पेन्सिलीने स्वतःच एक ठिपका काढला होता.

"दादा, तिकडे माणूस नाही, पाणी नाही, मासळी तर नाहीच," सहदेव म्हणायचा. "मग बघायचं काय, यार?"

"तेच बघायचं. काहीच नसलेलं. मुलुंडला कुठे दिसतं तुला काही नसलेलं?"

सहदेव माझा दीर. सासूसासरे पाठोपाठ गेले तेव्हा दहावीत होता. मिसरूड फुटायच्या आधी माझ्या हाताखाली आला, आणि भांडुपच्या कारखान्यात फिटर झाला तरी त्याच्या डब्यात काय आहे ते मीच ठरवायचे. मला मूल झालं नाही. लोकांना वाटायचं की मी त्यासाठी झुरते. मला झुरायला वेळ कुठे होता, घरात हा होता ना!

प्रवासाला निघायचं तर आमच्यात आधी गाऱ्हाणं घालतात. देवासमोर विडा-नारळ ठेवायचा, घरातल्या जाणत्याने वाट सांगायची, राखणदाराला सांभाळायला सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. आमच्याकडे ते काम गुणाजीमामांचं. मामा गिरणीत होते, संपानंतर घाटकोपरला एका गोदामावर रखवालीला लागले. भाद्रपदातल्या त्या रविवारी त्यांना यायला उशीर झाला, आणि शिवदासला धीर धरवेना. जाणता म्हणजे काय, मीही जाणताच की, म्हणून तो पाटावर बसला.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा लांबच्या वाटेक जातंत. इडापिडा दूर कर."

"होय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

पुढचं त्याला येईना. तो डोकं खाजवत राहिला, सहदेव गालात हसला, आणि मग ह्याने आपल्या मनाचं घातलं.

"थंय त्या वाळवंटात जो कोण राखणदार आसात, तेणां सीमेर येवन आमका घेवन जावचा. आमी तेचे पावणे."

"होय म्हाराजा."

नारळ मी स्वतः बाजारातून आणला होता, कानाशी हलवून, पाणी वाजतंय की नाही ते बघून. तो फोडला तर आत थेंब नव्हता. खोबरं पांढरंशुभ्र, ताजं, आणि वाटी खडखडीत कोरडी. सहदेव म्हणाला, "झकास. सरावाला सुरुवात झाली."

मामा आले ते घाम पुसत. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, मग शिवदासला विचारलं, "काय सांगलंस?"

शिवदासने सांगितलं.

"खंयच्या सीमेर?"

"त्यांच्या. वाळवंटाच्या."

"तसा बोललंस काय?"

शिवदासने मान हलवली; नुसतं 'सीमेर' म्हटलं होतं त्याने. मामांनी तांब्या तसाच खाली ठेवला, ओठांना न लावता. "पोराक घेवन थोडे दिवस माझ्याकडे ये गो," ते मला म्हणाले, आणि चहाला न थांबता गेले. मला राग आला. म्हाताऱ्यांची वाट पाहिली नाही की त्यांचा मान दुखावतो, असं मी शिवदासला म्हटलंसुद्धा.

२

दुसऱ्या दिवशी कपडे वाळले होते.

यात भ्यायचं काय, असं कोणीही विचारील. भाद्रपदात मुलुंडला कपडे वाळत नाहीत. बाहेर झड लागलेली असते, खोलीत दोऱ्यांवर तीन दिवसांचे कपडे लोंबतात आणि माणसाच्या अंगाला कुबट वास येतो. त्या सकाळी माझी साडी पापडासारखी कडक झाली होती. घडी घालताना कडकड वाजली.

मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. मग मिठाच्या बरणीत चमचा सरसर गेला. काडी पहिल्या घासण्याला पेटली. हॉलच्या भिंतीवर एक ओलीचा डाग होता, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडून भांडून मी थकले होते त्याच्यापायी. तो डागच गेला. हात लावला तर भिंत गरम लागली.

मी शाळेत मास्तरीण. कारण शोधायची सवय हाडात मुरलेली. गच्चीवर डांबर टाकलं असेल, वारा फिरला असेल, असं मनाला सांगितलं. लोणच्याच्या बरणीत फोडी सुकून चिंचोक्यासारख्या झाल्या तेव्हाही मी मिठाला दोष दिला. पण नळ येतो तेव्हा भरलेलं पिंप संध्याकाळी अर्धं व्हायला लागलं, त्याला काय म्हणणार? पिंपाखालची फरशी कोरडी होती. गळत कुठेच नव्हतं.

आणि मोरीतून आवाज यायचा. तहानलेला माणूस तांब्या तोंडाला लावून घटाघटा पितो, मधे श्वास घ्यायला थांबतो आणि पुन्हा पितो, तसा. मी नळात हवा अडकली म्हणत होते. शेजारची पद्मजा विरजण मागायला आली, दारातच थबकली आणि विचारू लागली, "पाहुणे आलेत का गं कोणी?"

"नाही. का?"

"आत कोणीतरी पाणी पितंय ना."

सहदेव कारखान्यात होता, शिवदास कचेरीतून येऊन नकाशासमोर बसलेला मला दिसत होता. मी पद्मजाला वाटी दिली. विरजणाचा चुरा झाला होता. तिने तो बघितला आणि वाटी परत माझ्या हातात ठेवून निघून गेली. पुन्हा ती आमच्याकडे काही मागायला आली नाही.

३

शिवदासने रजा टाकली. प्रवासाची तयारी करायची म्हणे. घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. उकडत नाही का विचारलं तर म्हणाला, "तिकडे असंच राहावं लागतं. सवय करतोय."

मग आम्हालाही सवय लावायचं त्याच्या मनाने घेतलं. माणशी दिवसाला एक फिरकीचा तांब्या पाणी. पिंपाजवळ तो स्वतः पाट टाकून बसायचा. सुरुवातीला सहदेवने गंमत केली, "होय म्हाराजा" म्हणून वाकून तांब्या घ्यायचा. पण कारखान्यात राबलेला मुलगा तो. एका संध्याकाळी आला, सरळ पिंपात पेला बुडवला आणि उभ्या उभ्या प्यायला.

शिवदासने पितळी तांब्याच त्याच्या तोंडावर मारला.

दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. सहदेव भिंतीला आपटला, खाली बसला, त्याच्या ओंजळीत रक्त आणि दाताचा तुकडा. शिवदासने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी पोळपाटावरचं लाटणं घेऊन त्याच्या खांद्यावर हाणलं. एकदा नाही. तो वाकला तरी हाणत राहिले. लग्नापासून आम्ही एकमेकांवर कधी हात उगारला नव्हता, आणि खरं सांगते, मला त्या वेळी बरं वाटत होतं. घशाला कोरड पडली होती आणि मारताना ती जाणवत नव्हती.

"वहिनी, बस कर! मरेल तो!" सहदेव ओरडला.

मी थांबले. सहदेवच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. ते फरशीवर पडलंच नाही. हनुवटीवरच सुकलं आणि पोपडा होऊन गळलं. शिवदास त्याच्याकडे एकटक बघत होता. मग माझ्या लक्षात आलं की मीही तेच बघतेय, आणि माझी जीभ ओठांवरून फिरतेय. मला स्वतःची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

शिवदास मोरीच्या दाराकडे तोंड करून हळू बोलला, आपण पाहुण्यांना उशिराबद्दल सांगतो तसं. "जरा थांबा. पोरगा आहे अजून. समजत नाही त्याला."

४

दुसऱ्या दिवशी शिवदास आंघोळीला गेला तेव्हा मी सहदेवला गॅलरीत घेतलं. बाहेर पाऊस कोसळत होता. कठड्यापलीकडे हात काढला की भिजायचा, आत घेतला की लगेच कोरडा.

"तू आजच मामांकडे जा."

"आणि दादाला एकटं सोडू? वाट लागेल त्याची. डॉक्टरला दाखवू या ना, वहिनी. डोकं फिरलंय त्याचं."

"फिरलंय तर फिरू दे. तू जा."

"तू येतेस?"

नवऱ्याला सोडून जायचं हे माझ्याही जिभेवर येईना. सहदेवचा गाल सुजून टम्म झाला होता, तुटक्या दातातून शब्द फसफसत होते, तरी तो हसला. "शनिवारी हाफ डे आहे ना तुझा? शनिवारी आपण तिघंही जाऊ. दादाला मी बरोबर पटवतो. माझं तो ऐकतो."

मी हो म्हटलं. मोरीत तांब्यांचा आवाज होत होता, पण अंगावर पाणी पडल्याचा नव्हता. शिवदास बाहेर आला तेव्हा त्याचे केस कोरडे होते आणि चेहरा कागदासारखा पांढरा. चालताना त्याने भिंतीला हात टेकला. मी आधार द्यायला दंड पकडला तर बाहीच्या आत हाडाखेरीज काही लागेना. त्याने हात झटकून काढून घेतला.

"मी आहे तोवर तुम्हाला काही होणार नाही," तो म्हणाला. "पण मी आता फार नाही पुरणार."

मला वाटलं की तो पाण्याबद्दल काहीतरी भलतंच बोलतोय.

५

शनिवारी शाळा सुटली आणि मी छत्री न उघडता धावत घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तेव्हा साडीतून पाणी निथळत होतं; चपला काढेपर्यंत ती वाळली.

हॉलमध्ये खुर्ची मोडून पडली होती. कपाटाच्या काचा फुटल्या होत्या. फरशीवर बारीक, तपकिरी चुरा होता, पायाखाली करकरणारा. आधी मला वाटलं वाळूच. मग दिसलं की तो ओळीने पसरलाय, हॉलपासून मोरीपर्यंत, कोणालातरी फरपटत नेलं की उमटेल तसा. सुकलेल्या रक्ताचा चुरा होता तो.

मोरीच्या उंबऱ्याशी सहदेव पालथा पडला होता. शिवदास त्याच्या पाठीत गुडघा रोवून बसला होता. शर्ट काढलेला. त्याच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, विळीचे काप होते, जुने, नवे, ओळीने, आणि एकाही कापातून काही येत नव्हतं. नुसत्या कोरड्या चिरा, उन्हाळ्यात शेताला पडतात तशा. त्याने सहदेवचा हात विळीवर धरला होता आणि दाबत होता. मासा कापतात तसा.

"शिवदास!" मी ओरडले. पहिल्यांदा नाव घेतलं.

त्याने वर बघितलं. रडत असावा, डोळ्यांत पाणी मात्र नव्हतं. "पाहुणे आपल्याला घ्यायला आलेत, वनमाला. इतके दिवस बसलेत. साधं पाणी विचारायचं राहिलं आपलं."

"पाणी द्या मग! पिंप द्या उचलून!"

"त्याने भागत नाही गं."

सहदेवच्या मनगटातून धार लागली होती. ती फरशीवर पडत नव्हती. मी वाकले आणि मला दिसलं.

मोरीच्या अर्धवट दाराआडून दोन हात बाहेर आले होते, खाली, जमिनीलगत. ओंजळ केलेली. कोणीतरी वरून पाणी ओतावं आणि उकिडवं बसलेल्याने ते प्यावं, तशी नीट, अदबीने धरलेली ओंजळ. हातांचा रंग भाजलेल्या मातीचा. बोटं आपल्यासारखीच, फक्त प्रत्येकाला एक पेर जास्त. ओंजळ भरली. ती सावकाश दाराआड गेली. घटाघटा आवाज झाला. मग रिकामी ओंजळ पुन्हा पुढे आली आणि थांबली.

घाई नव्हती त्या हातांना.

मी कोपऱ्यातला वरवंटा उचलला आणि शिवदासच्या कानाखाली घातला. तो कलंडला. बळ कुठून आलं कोण जाणे, सहदेवला उचललं, फरपटत हॉल ओलांडला, त्याचे पाय फुटलेल्या काचांवरून गेले, मी बघितलं नाही. दाराबाहेर त्याला टाकलं आणि बाहेरून कडी घातली.

आतून शिवदास दाराशी आला. आवाज अगदी शांत होता, रविवारी नकाशापाशी असायचा तसा. "वनमाला, उघड. तिघांनी यायचं म्हटलं होतं आपण."

मी कडीवर हात दाबून धरला.

"बरं," तो म्हणाला. "मग मी काय उरलंय ते देतो."

त्यानंतरचे आवाज मी ऐकले. दार थरथरत होतं, नखं फळीवरून खाली खाली येत होती. मी उघडलं नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तरी उघडणार नाही. ज्या माणसाबरोबर मी संसार केला त्याला मी मरू दिलं, कारण माझ्या पायाशी माझा पोरगा पडला होता. माझं त्याच्यावर प्रेम होतं. दोघांवरही.

पद्मजाच्या नवऱ्याने आणि आणखी कोणी कोणी नंतर कडी काढली. शिवदासला खाली न्यायला चौघं पुढे झाले होते. एकानेच नेला, काखेत चटई मारावी तसा.

६

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. पोलिसांनी भावाभावांचं भांडण लिहिलं. मी सही केली.

सहदेव वाचला. रक्ताच्या बाटल्या लागल्या, मामांनी रक्त दिलं, त्यांच्या जुन्या गिरणीतल्या माणसांनी दिलं. शुद्धीवर आला त्या दुपारी मी त्याला पेल्यात पाणी दिलं. त्याने ते तोंडाला लावलं नाही. खाटेच्या दुसऱ्या बाजूला, जिथे कोणी नव्हतं, तिकडे पेला पुढे केला आणि दमलेल्या आवाजात म्हणाला, "आधी तुम्ही घ्या."

खाटेखाली फरशी करकरली.

मी पेला काढून घेतला. वॉर्डचा पडदा ओढला. फळं कापायची सुरी होती. मी खाली बसले, हात खाटेखाली धरला आणि म्हटलं, "हा दमलाय. त्याला आता विचारायचं नाही. जे काय आहे ते मला विचारायचं."

गार नव्हतं, गरम नव्हतं, नुसतं कोरडं काहीतरी माझ्या मनगटाखाली येऊन टेकलं.

तेव्हापासून पाहुणा माझ्याकडे आहे. सहदेवला काही आठवत नाही. त्याचं लग्न लावून दिलं, सून गुणी आहे, मीरा तिचं नाव. त्यांना मुलगी झाली. मी पाहुण्याला सांगत आले की यंदा घरात लग्न आहे, यंदा बाळंतपण आहे, पुढच्या वर्षी नक्की येऊ. आणि दर वेळी पाणी विचारत आले.

पण गेल्या महिन्यापासून मला शिवदासचं बोलणं कळायला लागलंय. विळी लावली तरी काही येत नाही. चिरा पडतात. आणि परवा पोरीची वेणी घालताना तिच्या मानेवरची शीर उडत होती, नाजूक, निळी, आणि माझा हात कंगवा सोडून तिच्यावर जाऊन थांबला. किती वेळ थांबला होता कोण जाणे. पोर म्हणाली, "मोठ्याई, दुखतंय."

त्याच दुपारी मी स्टेशनावर जाऊन आरक्षण केलं. मोरीच्या दाराशी बसून त्याला सांगितलं की मी येते. माझ्या नावावर सगळ्यांचं धर. काल पहिल्यांदा पिंप भरलेलं राहिलं.

भीती वाटते. रडायला बसले तर डोळ्यांतून काही निघत नाही, म्हणून बसत नाही.

आज बॅग भरली. सहदेवला सांगितलं की शाळेतल्या बायकांबरोबर राजस्थानला चाललेय. तो खूश झाला. दादाचं राहिलं होतं, तू तरी बघून ये, म्हणाला. मग दारात चपला घालायला लागला. "चल, वहिनी, गाडीत बसवून येतो."

"नको रे," मी म्हटलं. "तू पोरीजवळ थांब. आणि मी गेले की दार लावून घे."